दुसऱ्याच्या दगडावर आपलं नाव

कैरोच्या संग्रहालयात एक भलामोठा शिलालेख आहे. १९०५ साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जॉर्ज लग्रँ यांना तो कार्नाकच्या आमुन मंदिरात सापडला. देशभरातली देवळं ओस पडली होती आणि एका धर्मनिष्ठ राजाने ती सावरली, असा त्याचा आशय. राजाचं नाव होरेमहेब. पण हे नाव मूळचं नाही. आधी कोरलेलं नाव खरवडून त्या जागी ते घातलेलं आहे, आणि ते आधीचं नाव तुतनखामेनचं. देवळांच्या जीर्णोद्धाराची द्वाही फिरवणारा हा दगडच एका राजाने दुसऱ्याकडून लाटलेला आहे.

इजिप्तच्या राजांनी पूर्वजांची स्मारकं जपली, असं कौतुकाने लिहिलं जातं. त्यांनी ती लुटली, असंही तितक्याच जोराने लिहिलं जातं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही कामं बऱ्याचदा एकाच छिन्नीने झाली. हे कसं घडलं ते समजायला इ.स.पू. १३५० ते १२२५ ही सव्वाशे वर्षं पाहावीत. जाणूनबुजून केलेली सर्वांत मोठी मोडतोड याच काळातली, आणि सर्वांत मोठी डागडुजीही.

त्याआधी या राजांची समजूत काय होती ते थोडक्यात. गादीवर बसणाऱ्या राजाचं पहिलं कर्तव्य ‘मात’ टिकवण्याचं. मात म्हणजे सत्य, न्याय, वेळेवर येणारा नाईलचा पूर, देवांचे न चुकणारे नैवेद्य, थोडक्यात विश्वाची बसलेली घडी. राजा गेला की ही घडी विसकटते आणि नवा राजा ती पुन्हा बसवतो. त्यामुळे नव्या राजाला आपल्याआधी काहीतरी विसकटलेलं असणं सोयीचंच असे. पडकं देऊळ उभं करणं हा घडी बसवल्याचा चारचौघांना दिसणारा पुरावा. जुन्याबद्दलची आस्था त्यात नसेलच असं नाही. पण अशा लेखांत देवाकडे आयुष्य मागितलेलं असतं ते दुरुस्ती करणाऱ्यासाठी.

गीझाच्या स्फिंक्सचं उदाहरण सर्वांत गाजलेलं आहे. खाफ्रे राजाच्या काळात, इ.स.पू. २५००च्या सुमारास, जागच्या जागी असलेल्या खडकातून तो कोरला गेला. हजारभर वर्षांनी तो वाळूत गाडला गेला होता. तिथे शिकारीला आलेला एक राजपुत्र भर दुपारी त्याच्या सावलीत झोपला आणि स्वप्नात देव बोलला: ही वाळू माझ्या अंगावर दाटून आली आहे, माझ्याकडे लक्ष दे, राज्य तुझंच आहे. राजपुत्र पुढे चौथा थुतमोस म्हणून राजा झाला. त्याने वाळू उपसली, ती पुन्हा येऊ नये म्हणून कच्च्या विटांच्या भिंती घातल्या आणि ही हकीकत ग्रॅनाइटच्या शिळेवर कोरून ती स्फिंक्सच्या पंजांमध्ये उभी केली. त्याचा गादीवरचा हक्क सरळ नसावा, म्हणून त्याला देवाचा कौल लागला, अशी शंका अभ्यासकांना फार पूर्वीपासून आहे. मला त्याहून रंजक वाटते ती शिळा. ती मुळात दाराच्या चौकटीचा दगड होती, आणि बहुतेक खाफ्रेच्याच मंदिरातून उचललेली. खाफ्रेच्या स्फिंक्सची सेवा केल्याची नोंद खाफ्रेचंच दार मोडून केलेली!

हे त्या काळी कुणाला खटकलं असेल असं वाटत नाही. जुनी शिकवण मात्र उलटी होती. मेरिकारे नावाच्या राजपुत्राला बापाने केलेला म्हणून जो उपदेश प्रसिद्ध आहे, त्यात दुसऱ्याच्या स्मारकाची नासधूस करू नकोस, दगड हवा तर तुराच्या खाणीतून काढ, असं स्पष्ट सांगितलं आहे. ज्याअर्थी सांगावं लागलं त्याअर्थी लोक काय करत होते ते कळतंच. पुढे लिश्तला पहिल्या अमेनेमहातने पिरॅमिड बांधला, त्याच्या पोटात जुन्या राजांच्या मंदिरांचे कोरीव दगड भरलेले सापडले.

जीर्णोद्धाराच्या लेखांची भाषाही ठरलेली होती. राणी हत्शेप्सुत स्वतः फॅरो म्हणून राज्य करत होती, इ.स.पू. १४७३ ते १४५८च्या सुमारास. बेनी हसनजवळ पाखेत या सिंहिणीच्या रूपातल्या देवीचं खडकात कोरलेलं देऊळ आहे. त्याच्या दर्शनी भागावर तिने लिहवून घेतलं की, परके हिक्सोस राजे अवारिसमध्ये होते तेव्हापासून जे मोडून पडलं होतं ते मी उभं केलं. कुसाए गावच्या देवीचं देऊळ तर जमिनीने गिळलं होतं, त्याच्या छपरावर पोरं नाचत होती. चित्र सुरेख आहे. पण हिक्सोसांना हाकलून तोवर साठ-सत्तर वर्षं झाली होती, आणि मधल्या राजांनी देवळं बांधण्यात कसूर केलेली नव्हती. तिच्या मरणानंतर वीसेक वर्षांनी सावत्र मुलगा तिसऱ्या थुतमोसच्या हुकमाने तिचं नाव आणि आकृत्या छिलून काढायला सुरुवात झाली.

खरा घाव मात्र शंभर वर्षांनी पडला. चौथा आमेनहोतेप इ.स.पू. १३५३च्या सुमारास गादीवर आला. पाचव्या वर्षी त्याने नाव बदलून अखेनातन केलं, आणि थीब्ज सोडून आजच्या अमार्नाला, त्या काळच्या अखेतातनला, नवी राजधानी वसवायला घेतली. सूर्यबिंब आतन हा एकच देव उरला. पुढे त्याची माणसं छिन्न्या घेऊन देशभर फिरली. जिथे आमुनचं नाव दिसेल तिथे ते खोडायचं. अखेनातनच्या बापाचं नावही आमेनहोतेप, त्यातली ‘आमुन’ ही अक्षरंही सुटली नाहीत. कार्नाकमधला हत्शेप्सुतचा ओबेलिस्क जवळपास तीस मीटर उंच. त्याच्या वरच्या भागातल्या आमुनच्या आकृत्या खरवडण्यासाठी या लोकांनी किती उंच परांचा बांधला असेल याचा अंदाज करावा. असा द्वेष नुसत्या फर्मानाने होत नाही, त्याला मजूर, लाकूड आणि वेळ लागतो.

सतरा वर्षांनी अखेनातन मेला. थोड्याच काळात, इ.स.पू. १३३२च्या सुमारास, नऊएक वर्षांचा तुतनखातन राजा झाला. त्याच्या नावातला ‘आतन’ काढून ‘आमुन’ घातला गेला. कारभार दरबारातला वयस्कर आय आणि सेनापती होरेमहेब यांच्या हाती. मुलाच्या नावाने निघालेला तो कार्नाकचा लेख याच वेळचा.

त्यात जे वर्णन आहे ते मुळातूनच वाचावं. एलेफंटाइन बेटापासून त्रिभुजप्रदेशातल्या दलदलीपर्यंत देवळांची दुर्दशा झालेली. गाभाऱ्यांच्या जागी तण माजलेल्या टेकड्या, आणि सभामंडपांतून पायवाट पडलेली. देवांनी या देशाकडे पाठ फिरवली होती. सीमा वाढवायला उत्तरेकडे सैन्य पाठवावं तर यश येत नव्हतं, देवाची विनवणी करावी तर तो येत नव्हता. मग नव्या राजाने विचार केला आणि देवांच्या मूर्ती घडवल्या. इथे लेखाचा सूर एकदम हिशेबाचा होतो. आमुनची मिरवणुकीची मूर्ती पूर्वी ११ दांड्यांवर वाहिली जात असे, आता १३ दांड्यांची केली. प्ताहची ७ दांड्यांची होती, ती ११ची केली. गावोगावच्या प्रतिष्ठितांची मुलं पुजारी म्हणून नेमली. गायिका, नर्तकी, दासदासी राजवाड्याच्या खर्चातून देवळांना दिल्या.

तण माजण्याइतकी देवळं खरोखर पडली होती का? सतरा वर्षांत कार्नाकसारख्या दगडी मंदिराची टेकडी होत नाही. हत्शेप्सुतच्या लेखातल्या, छपरावर नाचणाऱ्या पोरांच्याच जातकुळीचं हे वर्णन. पण मूर्ती, पुजारी आणि दासदासींचा तो हिशेब वाचला की खरी पडझड कुठे झाली होती ते समजतं. भिंती उभ्या होत्या. उत्पन्न, माणसं आणि रोजचे उपचार गेले होते. देऊळ म्हणजे त्या काळी जमीनदारही असे, कोठारंही त्याचीच, आणि शेकडो कुटुंबांची रोजी त्यावर चाले. ती यंत्रणा परत चालू करणं हा या जीर्णोद्धाराचा गाभा होता. छिन्नीचं काम मागाहून आलं.

छिन्नीच्या कामातही सोय पाहिलेली दिसते. तुतनखामेनच्या नावाने एका ग्रॅनाइटच्या सिंहावर कोरलंय की, त्याने आपल्या ‘पित्याचं’, आमेनहोतेपचं, स्मारक नवं केलं. हा सिंह आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आमेनहोतेप तिसरा बहुधा त्याचा आजोबा. ‘पिता’ हा शब्द पूर्वजालाही चाले, पण ज्या बापाने, बहुधा अखेनातनने, हा गोंधळ घातला त्याला वगळून थेट वरच्या पिढीला हात घालणं इथे उघड दिसतं.

मुलगा एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास गेला, आयने चारेक वर्षं राज्य केलं, आणि मग गादी होरेमहेबकडे आली. राजघराण्याचं रक्त नसलेला हा लष्करी माणूस. तुतनखामेनच्या कारकिर्दीतलं बरंचसं काम आपल्याच हातून झालं, असं त्याला वाटत असणार, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. त्याने कार्नाकच्या लेखावरचं नाव बदललं. लक्सरच्या देवळातल्या खांबांच्या ओळीत उत्सवाची मिरवणूक तुतनखामेनच्या काळी कोरली गेली होती, तिथेही आपलं नाव घातलं. अखेनातनने कार्नाकला उभारलेली आतनची देवळं त्याने उतरवायला घेतली आणि त्यांचे छोटे, एका माणसाला उचलता येतील असे हजारो ठोकळे आपल्या नव्या प्रवेशद्वारांच्या भिंतींत भर म्हणून कोंबले. अखेनातनला पुसायचं म्हणून केलेलं हे काम, पण अंधारात, उन्हावाऱ्यापासून दूर राहिल्यामुळे त्या ठोकळ्यांवरचे रंगही टिकले. विसाव्या शतकात ती द्वारं उकलल्यावर आतनच्या देवळांतल्या भिंती चित्रांसकट पुन्हा जुळवता येऊ लागल्या.

याच होरेमहेबने आपल्या आठव्या वर्षी खजिन्याचा अधिकारी माया याला राजांच्या खोऱ्यात पाठवलं. स्फिंक्सवाल्या चौथ्या थुतमोसचं थडगं चोरांनी फोडलं होतं. त्याचं दफन ‘नव्याने’ करण्याचा हुकूम होता. मायाने काम उरकून तिथल्या भिंतीवर शाईने तशी नोंद करून ठेवली, आणि १९०३ साली हॉवर्ड कार्टरने थडगं उघडलं तेव्हा ती तिथे होती. हा माया तुतनखामेनचाही खजिनदार होता. मालकाचं नाव शिलालेखांवरून पुसलं जाताना त्याला काय वाटलं असेल? त्याने ते कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आता सेती पहिला. इ.स.पू. १२९०च्या सुमारास गादीवर आलेला हा राजा सेनानींच्याच घराण्यातला. त्याच्या बापाला होरेमहेबने वारस नेमलं होतं. घराणं नवं, म्हणून जुन्याशी नातं जोडण्याची घाई जास्त. सेतीने अखेनातनने खरवडलेल्या जागा भरण्याचं काम देशभर काढलं. ओबेलिस्कवरच्या आमुनच्या आकृत्या पुन्हा कोरल्या गेल्या त्या त्याच्याच काळात. दुरुस्त केलेल्या आकृतीशेजारी उभी एक ओळ येई: अमुक राजाने पिता आमुनच्या घरी केलेलं स्मारकाचं नूतनीकरण.

हे काम व्हायचं कसं? आकृती खरवडली की दगडात खळगा पडतो. कोरक्यापुढे दोन वाटा असत. खळग्याभोवतीचा भाग आणखी आत घ्यायचा आणि त्या खोलीवर नवी आकृती उठवायची, किंवा खळगा गिलाव्याने भरून वर कोरायचं आणि रंगवायचं. घाईच्या ठिकाणी गिलावा चाले. तो कालांतराने गळून पडला. डेर अल-बाहरीच्या हत्शेप्सुतच्या मंदिरात या दुरुस्त्या डोळ्यांना लगेच कळतात, कारण मूळ कोरीवकामाची नजाकत त्यांत नाही. नवा आमुन जरा बोजड, प्रमाणात चुकलेला. जिथे तुतनखामेनच्या वेळी आधीच दुरुस्ती झाली होती तिथेही काही ठिकाणी सेतीच्या माणसांनी ती पुन्हा केली. गरज म्हणून नव्हे, नावासाठी.

याच मंदिरात आणखी एक गोष्ट लक्षात येते. आमुन परत आला, पण त्याच्यासमोर नैवेद्य घेऊन उभी असलेली हत्शेप्सुत परत आली नाही. तिची जागा तशीच खरवडलेली राहिली. अबायडॉसच्या आपल्या मंदिरात सेतीने ७६ राजांची यादी कोरवली, पूर्वजांच्या नावे नैवेद्य सुरू केले. त्या यादीत हत्शेप्सुत नाही, अखेनातन नाही, तुतनखामेन नाही, आयही नाही. तिसऱ्या आमेनहोतेपच्या मागे थेट होरेमहेब येतो. बेनी हसनजवळचं पाखेतचं ते खडकातलं देऊळही सेतीने दुरुस्त केलं आणि राणीच्या जागी आपलं नाव घातलं. देशाची मोडलेली देवळं उभी केल्याचा तिचा लेख दारावर होता, आत कर्ता म्हणून सेती.

सेतीचा मुलगा रामसेस दुसरा. सहासष्ट वर्षं राज्य, प्रचंड बांधकामं, आणि दुसऱ्यांच्या पुतळ्यांवर नाव घालण्यात हात कुणी धरणार नाही असा. मध्य राजवटीतले कितीतरी पुतळे त्याच्या नावाने उभे राहिले. तो एकटाच नव्हता म्हणा. पॅरिसच्या लूव्हरमधल्या तानिसच्या मोठ्या स्फिंक्सवर अमेनेमहात दुसरा, मेरेनप्ताह आणि शेशोंक पहिला अशी तीन राजांची नावं एकाच दगडावर नांदतात. जुन्यात जुनं आणि नव्यात नवं यांत हजार वर्षांच्या आसपास अंतर आहे.

पण रामसेसच्याच घरात एक वेगळा माणूस निघाला. खाएमवासेत हा त्याचा चौथा मुलगा, राणी इसेतनोफ्रेतचा. तो मेंफिसला प्ताहच्या देवळात रुजू झाला आणि पुढे तिथला मुख्य पुजारी झाला. पवित्र एपिस बैलांच्या दफनासाठी सक्काऱ्यात भुयारी दालनं खोदण्याचं काम त्याने हाती घेतलं, बापाच्या कारकिर्दीच्या वर्धापन-उत्सवांची घोषणा करत देशभर फिरला. मेंफिसहून पश्चिमेला पाहिलं की वाळवंटाच्या कडेला पिरॅमिडांची रांग. त्या वेळी ते हजाराहून अधिक वर्षांचे होते. अनेकांवर कुणाचं नाव नव्हतं, नैवेद्य बंद पडले होते.

उनास राजाच्या पिरॅमिडच्या दक्षिण बाजूवर खाएमवासेतने मोठ्या अक्षरांत लेख कोरवला. पिरॅमिडवर उनासचं नाव सापडलं नाही, म्हणून ते कायम राहावं अशी राजाने आज्ञा दिली, आणि पूर्वीच्या राजांनी जे भक्कम बांधलं ते ढासळतंय हे पाहून राजपुत्र खाएमवासेतला त्यांची स्मारकं सावरण्याची फार आवड होती, असा त्याचा आशय. जोसेर, उसेरकाफ, साहुरे यांचे पिरॅमिड, शेपसेसकाफचं थडगं, नियुसेरेचं सूर्यमंदिर, सगळीकडे असेच लेख. या लेखांत रामसेस असतोच, राजपुत्रही असतो. पण मूळ मालकाचं नाव पुसलेलं नसतं. उलट ते शोधून, ठरवून परत लावलेलं असतं. एवढ्याने मागच्या सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा हे काम वेगळं ठरतं. आज उनासच्या पिरॅमिडवर तो लेख दिसतो, कारण घसरून पडलेले त्याचे दगड विसाव्या शतकात झाँ-फिलिप लाउएर यांनी जमवून पुन्हा जागेवर बसवले.

खुफूच्या मुलाचा, कावाबचा, मोडका पुतळा त्याला मलब्यात सापडला. तो त्याने उचलून आणला आणि त्यावर कोरवलं की पूर्वजांवर आणि त्यांनी केलेल्या उत्तम कामांवर आपलं प्रेम आहे. राजाला वर मागण्यापलीकडे जाऊन जुन्याबद्दलची आवड अशी उघड सांगणारा आवाज इजिप्तच्या लेखांत विरळाच. म्हणून त्याला कुणी ‘पहिला इजिप्तविद्यावेत्ता’ म्हणतात. तो तेवढा निःस्वार्थी होता असं मानू नये. पडके पिरॅमिड न्याहाळायला नेमलेल्या माणसांना चांगला दगड कुठे आहे हेही कळतं, आणि त्याच्या बापाला दगड सतत लागत होता.

रामसेसच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, बापाआधीच, खाएमवासेत वारला. गादी मिळाली ती त्याचा सख्खा भाऊ मेरेनप्ताह याला. त्याने थीब्जला आपलं स्मृतिमंदिर बांधताना शेजारच्या तिसऱ्या आमेनहोतेपच्या मंदिराचे दगड सर्रास वापरले. १८९६ साली फ्लिंडर्स पेट्री यांना त्याचा प्रसिद्ध विजयलेख सापडला, ज्यात इस्राएलचा पहिला ज्ञात उल्लेख येतो. तोही आमेनहोतेपच्याच शिळेच्या पाठीवर कोरलेला आहे.

पुढची दीडशे वर्षं उतरणीची. खजिना आटला, थडगी फोडणाऱ्या टोळ्यांवरचे खटले नवव्या रामसेसच्या सोळाव्या वर्षीच्या कागदपत्रांत आजही वाचता येतात. मग थीब्जच्या महापुजाऱ्यांनी राजांच्या ममी थडग्यांतून बाहेर काढल्या, नव्या कापडात गुंडाळल्या, कापडावर तारखा आणि आपली नावं लिहिली आणि एका गुप्त भुयारात हलवल्या. त्यात सेती होता, रामसेसही. दफन ‘नव्याने’ केल्याचा जुनाच शब्द या नोंदींत येतो, मायाच्या भिंतीवरचा. गुंडाळताना अंगावरचं सोनं मात्र उतरवून घेतलं गेलं. १८८१ साली सरकारी अधिकाऱ्यांनी ते भुयार ताब्यात घेतलं, त्याआधी आसपासचे गावकरी कित्येक वर्षं त्यातल्या वस्तू विकत होते.

खाएमवासेतची आठवण मात्र निराळ्या वाटेने टिकली. त्याच्यानंतर हजार वर्षांनी, ग्रीक टॉलेमी राजांच्या काळात, तो ‘सेतने’ नावाचा कथानायक झाला. जुन्या थडग्यांत वाचत हिंडणारा जादूगार राजपुत्र! कथेत तो मेंफिसच्या एका थडग्यात शिरून थोथ देवाचं जादूचं पुस्तक पळवतो. तिथलं भूत त्याला पटावर हरवतं, एक सुंदर स्त्री त्याच्याकडून सगळी मिळकत लिहून घेते, मुलांचा जीव मागते. जागा होतो तर सगळा भास. घाबरून तो पुस्तक परत करतो, तेव्हा भूत दंड म्हणून आणखी एक काम सांगतं: माझी बायको आणि मुलगा दूर कोप्टोसला पुरलेत, त्यांना माझ्याजवळ आण. सेतने जहाज घेऊन जातो, तीन दिवस स्मशान शोधतो, आणि एक म्हातारा सांगतो की ती थडगी कोतवालाच्या घराच्या दक्षिण कोपऱ्याखाली आहेत. कोतवालाने तुझं काही वाकडं केलं असेल म्हणून त्याचं घर पाडायला सांगतोस, असं सेतने म्हणतो. म्हातारा म्हणतो, मला धरून ठेवा, काही सापडलं नाही तर शिक्षा करा. कोपरा खणला जातो, दोघं सापडतात, त्यांना राजाच्या नावेत चढवलं जातं. आणि निघण्यापूर्वी सेतने कोतवालाचं घर होतं तसं बांधून देतो.